पाचवी जोडी

आश्रमशाळा क्वार्टर, तालुका एटापल्ली
९ जानेवारी २०२५

प्रति,
मुख्य परीक्षक, झाडी गणित मंडळ, सिंदेवाही.

महोदय,

आपल्या मंडळाच्या अकरावीच्या गणित स्पर्धेचा निकाल पाच तारखेला लागला. आमच्या शाळेच्या चंचल पत्रू उसेंडी हिला पन्नासपैकी सेहेचाळीस गुण देऊन आपण दुसरी ठरवलं आहे. सत्तेचाळीस गुण घेऊन पहिली आलेली करिष्मा आपल्याच शिकवणीच्या वर्गात शिकते, ही गोष्ट मी फक्त नोंदवून ठेवते. नागपूरच्या वर्षभराच्या निवासी शिकवणीसाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतून मिळून जागा एकच आहे, म्हणजे आजच्या घडीला चंचल घरीच राहणार.

माझी हरकत प्रश्न अठरावर आहे. प्रश्न असा: a आणि b हे पूर्णांक असतील, तर (a + bi)³ = 25(a − bi) हे समीकरण पूर्ण करणाऱ्या (a, b) अशा जोड्या किती? आपलं छापील उत्तर चार. चंचलनं पाच लिहिलं म्हणून तिचे दोन गुण गेले. बरोबर उत्तर पाचच आहे. (5, 0), (−5, 0), (0, 5), (0, −5) या चार जोड्या आपल्याला सापडल्या. पाचवी (0, 0) आपल्याला सापडली नाही.

नियम अकराप्रमाणे विद्यार्थिनीच्या हातची रीत जोडून हे पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवत आहे. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर हरकत ऐकली जाणार नाही, हा नियम कोणी केला असेल हे ओळखायला मला वेळ लागला नाही.

आपण माझे सख्खे भाऊ आहात ही गोष्ट या पत्रापुरती विसरावी. गेली बावीस वर्षं आपल्या दोघांनाही ती फारशी आठवलेली नाही, तेव्हा जड जाऊ नये.

उ. गु. गुरनुले
गणित शिक्षिका


सिंदेवाही
१८ जानेवारी २०२५

श्रीमती गुरनुले यांस,

आपली हरकत मिळाली. या वर्षी आलेली ती एकमेव हरकत आहे. तीनशे अठरा विद्यार्थ्यांच्या शिक्षकांपैकी इतर कोणालाही अठराव्या प्रश्नात खोट दिसली नाही, याचा आपण विचार करावा.

संमिश्र संख्येला मापांक असतो आणि कोनांक असतो, म्हणजे लांबी आणि दिशा. शून्याला दिशा नसते. हे उदाहरण लांबी आणि दिशा यांच्या रीतीनं सोडवायचं आहे. लांबी पाच येते, दिशा चार येतात, विषय संपला. शून्य या रीतीत बसतच नाही. आपण गणित शिकवता असं लिहिलं आहे, म्हणून जास्त खुलासा करत नाही.

आपल्या विद्यार्थिनीची रीत वाचली. ‘शून्य ठेऊन पाह्यलं तर जमते’ एवढंच एक वाक्य आहे. याला रीत म्हणत नाहीत. ठेवून पाहणं म्हणजे अंदाज, आणि अंदाजाला मंडळ गुण देत नाही.

मी बारा वर्षं मुख्य परीक्षक आहे. आजवर एकही उत्तर बदललेलं नाही. आपल्या भागातल्या शाळेतली मुलगी दुसरी आली हे काही कमी नाही. त्याचं कौतुक करून घ्यावं आणि तिला पुढच्या वेळी नीट तयारी करायला सांगावं.

हरकत फेटाळली आहे.

ध. गु. गुरनुले
मुख्य परीक्षक


एटापल्ली
२५ जानेवारी

भाऊ,

आता ‘महोदय’ लिहायले माझा हात उठत नाई. तुझ्या पत्रानं डोस्कं फिरलं, म्हणून सरळ बोलते.

‘आपल्या भागातल्या शाळेतली मुलगी.’ हे वाक्य लिहिताना तुले काही वाटलं नाई का? माझ्या वर्गात एकवीस पोट्टे-पोट्ट्या आहेत. त्यातली एक तुझ्या सगळ्या शिकवणीवाल्यांच्या नाकावर टिच्चून दुसरी आली, आणि तू तिले पाठीवर थोपटून घरी पाठवून राह्यला.

शून्याले दिशा नाई म्हणतोस. खरं आहे, नाई. पण प्रश्नात दिशा कुठी विचारली? तू विचारलं, पूर्णांकांच्या किती जोड्या बसतात. a शून्य ठेव, b शून्य ठेव. डावीकडं शून्य, उजवीकडं पंचवीस गुणिले शून्य. हातच्या कंकणाले आरसा कशाले पाह्यजे? शून्य पूर्णांक आहे हे सहावीतलं पोट्टंही सांगीन. तू काय केलं तेही सांगते. दोन्ही बाजूले लांबीनं भागलं, म्हणजे शून्याले आधी घराबाहेर काढलं, आणि मग दार लावून म्हणतोस की घरात कोणी नाई.

चंचलची रीत एका वाक्याची आहे म्हणतोस. कागद पलटून पाह्यला का? मागच्या बाजूले तिनं चारही जोड्या तुझ्याच त्या लांबी-दिशेच्या रीतीनं काढल्या आहेत. शून्य त्या रीतीत येत नाई हे तिले समजलं, म्हणून ते तिनं वेगळं तपासलं आणि पुढच्या बाजूले लिहिलं. जे तुले करायचं होतं ते सोळा वर्षांच्या पोरीनं केलं, आणि तू त्याले अंदाज म्हणतोस. करिष्मानं चार लिहिलं ते मात्र गणित! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

आता मुद्द्याचं ऐक. पेपर हातात आला तेव्हाच मी अठरावा प्रश्न ओळखला. पंचवीस, ती कंसातली मांडणी, सगळं जसंच्या तसं. हे उदाहरण मी अकरावीत असताना स्वतः रचलं होतं, माझ्या लांब वहीत. मी कोरपन्याले मामाकडे राह्यले गेली आणि ती वही मागवली, तेव्हा तू निरोप पाठवला की वही रद्दीत गेली. बावीस वर्षांपूर्वीची रद्दी आता तुझ्या मंडळाच्या पेपरात छापून येते, हा चमत्कार मले समजावून सांग.

उर्वशी


सिंदेवाही
२ फेब्रुवारी

उर्वशी,

ठीक आहे. तू महोदय सोडलं, मी श्रीमती सोडतो.

हो, वही माझ्यापाशी आहे. रद्दीत गेली हे मी खोटं सांगितलं होतं. दरवर्षी एक प्रश्न मी तिच्यातून घेतो, शेवटचा, सगळ्यात कठीण. बारा वर्षांत बारा प्रश्न. पोरं मले विचारतात, सर, हे तुम्ही कुठून आणता? मी हसतो फक्त. जा, आता सगळ्या जगाले सांग.

पण सांगायच्या आधी हेही ऐकून घे. वही आता माझ्या पुढ्यात उघडी आहे. उदाहरण तुझं, अक्षर तुझं, आणि खाली दोन रेघा मारून तूच लिहिलं आहेस, एकूण जोड्या चार. मग ही हरकत तू कोणावर घेऊन राह्यली? उत्तर तुझं, चूक तुझी, आणि शिव्या मले. चोराच्या उलट्या बोंबा याले म्हणतात. कागद पलटून पाह्यला नाई हे कबूल. पण तूही वीस-बावीस वर्षांत आपलं उत्तर पलटून पाह्यलं नाईस.

तू म्हणशील, मग आता तर बदल. तुले तिथं बसून काय जाते? इथी करिष्माचा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला, स्टँडसमोर तिचा फोटो असलेला फलक लागला आहे. तिच्या मायनं साऱ्या मोहल्ल्यात पेढे वाटले. त्या पोरीले मी जाऊन काय सांगू, की तुझ्या सरले शून्य दिसलं नाई? आणि बाकीच्यांनी उद्या म्हटलं की मग मागची अकरा वर्षंही तपासा, तर? झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तुले मूठ उघडायची हौस आहे, कारण मूठ माझी आहे.

बाबा वारले तेव्हा तुले वैनगंगा ओलांडून यायले वेळ मिळाला नाई. तेराव्यालेही नाई. गाव मले विचारत होतं, पोरगी कुठी आहे, आणि मी खाली मान घालून पंगत वाढत होतो. आज कोणाच्या तरी पोरीच्या दोन मार्कांसाठी तुले वेळच वेळ आहे. धन्य आहे तुझी.

धनराज


एटापल्ली
८ फेब्रुवारी

भाऊ,

हो, चार. अक्षर माझं आणि चूकही माझी. मी पहिल्या पत्रात हे लपवलं, कारण तुझ्या हातात पटकन काठी द्यायची नव्हती. पण चूक करणं वेगळं आणि ती छापून तीनशे पोरांच्या माथी मारणं वेगळं. सोळा वर्षांच्या पोरीच्या वहीतलं उत्तर चव्वेचाळीस वर्षांचा परीक्षक न तपासता उचलते, याले मी काय म्हणू?

आणि आणखी एक ऐक, म्हणजे मी काही लपवलं असं राहणार नाई. पेपर सुटल्यावर आम्ही गडचिरोलीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. चंचल उड्या मारत आली, बाई, अठराव्याचे पाच आले. मी म्हटलं, नाई, चार. मले पाठ आहे ते उदाहरण. तिचं तोंड एवढंसं झालं. गाडीत खिडकीशी बसली आणि आलापल्लीपर्यंत बोटानं काचेवर आकडे मांडत राह्यली. मग हळूच म्हणते, “बाई, शून्य ठेवलं तर जमते. मग ते काऊन नाई मोजायचं?”

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाले बोलू. आपल्या हातचं पोर आपल्याले विचारते याचा राग. मग मनातल्या मनात शून्य ठेवून पाह्यलं आणि तिले म्हटलं, तू बरोबर आहेस, मी चुकली, तेव्हाही चुकली होती. दोन मिनिटं लागली त्याले. तुले महिना होत आला.

बाबांचं नाव मधात आणलंस म्हणून लिहिते, नाईतर लिहिणार नव्हती. २००३ साली माझंही नाव असंच निघालं होतं. नागपूरच, अशीच एक जागा. हेडमास्तरांना सोमवारपर्यंत घरचं उत्तर पाह्यजे होतं. मी रात्रभर वळकटीत काय काय बांधायचं ते ठरवत होती. बाबांनी नाई म्हटलं, आणि तो नाई तू शाळेत नेऊन दिला. मले समोर बसवून सांगायचीही बाबांना गरज वाटली नाई, तुझ्याच तोंडून समजलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलली नाई, आणि त्याचा मले पस्तावा नाई. पोरीच्या पायात दोर बांधणाऱ्या माणसाच्या तेराव्याले मी कशाले यायचं? पुऱ्या खायले?

चंचलचं तसं होऊ देणार नाई मी. अठ्ठावीस फेब्रुवारीले नाव नागपूरले पोचलं पाह्यजे. पुढच्या आठवड्यात तुझी दुरुस्ती नाई आली, तर तुझी दोन्ही पत्रं मंडळाच्या अध्यक्षांना, कमरुद्दीन सरांना, चंद्रपूरले जातील. त्यात तू स्वतःच्या हातानं लिहिलं आहे की प्रश्न कोणाचे असतात. मूठ मग मीच उघडीन.

उर्वशी


सिंदेवाही
१६ फेब्रुवारी

उर्वशी,

हरकत मान्य केली आहे. अठराव्या प्रश्नाचं उत्तर पाच. मंडळाचं पत्र शाळेच्या पत्त्यावर वेगळं निघालं, तारीख आणि शिक्क्यासह.

तुझ्या धमकीनं केलं असं समजू नको. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी चंद्रपूरची गाडी धरली आणि कमरुद्दीन सरांच्या पुढ्यात वही ठेवली. त्यांनी आधी प्रश्न वाचला, मग माझ्याकडं पाह्यलं, मग म्हणाले, धनराज, सतरा प्रश्न तुम्ही तिघांकडून तपासून घेता आणि अठरावा दरवर्षी थेट छापायले देता. काऊन? खरं कारण फक्त तुले सांगतो. तुझं उत्तर तपासायचं असते हे माझ्या कधी मनातच आलं नाई. याच्यावर खूश होऊ नको. मी माझ्यावर चिडून हे लिहून राह्यलो.

तीनशे अठरा पेपर पुन्हा काढले. पाच लिहिणारे तिघं निघाले. बाकी दोघं फार खाली आहेत. चंचल अठ्ठेचाळीस, करिष्मा पंचेचाळीस. मागच्या अकरा वर्षांचे प्रश्नही आता कमरुद्दीन सर तपासतात. मुख्य परीक्षकपद मी सोडलं.

करिष्माच्या घरी मी स्वतः गेलो. तिच्या मायनं ती शाल घडी करून माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि आत निघून गेली. पोरगी तेवढी बाहेर बसली. रडली, मग वही आणली आणि शून्य कुठी सुटलं ते विचारलं. मी तिले दाखवलं. फलक उतरवताना स्टँडवर पंधरा-वीस जण उभे होते, सत्काराले आले होते तेच सारे. हसले चांगले. तुले पाह्यजे होतं ते झालं.

आता नागपूरच्या फॉर्मवर वडलांची सही लागते. बापाची सहीच, शिक्षकाची चालत नाई. तुमच्या तिकडचा माणूस पोरीले वर्षभर पाठवायले तयार होते का ते आधी पाह्य. नाईतर माझी एवढी शोभा झाली आणि जागा रिकामीच राहायची.

धनराज


एटापल्ली
२४ फेब्रुवारी

भाऊ,

सही झाली. फॉर्म आज सकाळी स्पीड पोस्टानं गेला.

मी परवा चंचलले घेऊन तिच्या गावी गेली. गाडीवर अर्ध्यापर्यंत, पुढं नाल्यात पाणी होतं म्हणून पायी. साऱ्या रस्त्यानं मी भाषण तयार करत होती. पोरीचं भविष्य, शिक्षणाचं महत्त्व, सरकारी वसतिगृह, पहारेकरी, सगळं. पत्रू अंगणात बांबू फाडत बसला होता. चंचलनं त्याले गोंडीत काहीतरी सांगितलं, दोनच वाक्यं. मी माझं भाषण सुरू करणार, तर त्यानं कोयता खाली ठेवला आणि मले मराठीत विचारलं, “बाई, हिले सकाळी कोणी उठवते का तिथं? ही उठत नाई लवकर.”

मी म्हटलं, घंटा असते. मग त्यानं हात धुतले, पुसले, पेन मागितला. सही शिकला आहे तो, बचत गटात. एक एक अक्षर कोरत पाच मिनिटं सही केली आणि कागद वाळू द्यावा तसा वाऱ्याले धरला. परत येताना मी नाल्याशी बसली आणि रडली. चंचल घाबरली, तिले वाटलं फॉर्ममध्ये काही चुकलं.

मले सारखं एकच वाटून राह्यलं. याचं एक एकर धान, शिक्षण चौथी. आणि याले एक मिनिटही विचार करावा लागला नाई. आपले बाबा मॅट्रिक होते. पेपर वाचायचे. त्यांना काऊन नाई जमलं?

तुझ्यावर राग धरून बसली ते मात्र चुकलंच माझं. तू तेव्हा बावीसचा, घरात आई नाई, बाबांपुढं तुझी काय छाती होती? त्यांनी सांगितलं आणि तू निरोप पोचवला. निरोप्याले कोणी मारत नाई, आणि मी तुले बावीस वर्षं मारून राह्यली. करिष्माच्या घरी स्वतः गेलास हे मले आवडलं. मी गेली नसती.

माझं तोंड कडू आहे, माहीत आहे तुले. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा ये. जेवायले ये. भांडण झालंच तर जेवल्यावर करू.

उर्वशी


सिंदेवाही
५ मार्च

उर्वशी,

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, हे आता इथंच थांबवावं. सुट्टीत यावं, जेवावं, गप्प बसावं. चार-पाच दिवस तसंच ठरवून होतो. नाई जमत.

बाबा हो म्हणाले होते.

ते शनिवारी विकलेल्या धानाचा चुकारा आणायले गोंडपिपरीकडे निघाले होते. उंबऱ्यावर उभं राहून मले म्हणाले, सोमवारी शाळेत जाऊन हेडमास्तरांना सांग, पोरगी येते, मी बुधवारी स्वतः पोचवून देतो. तुले त्यांनी सांगितलं नाई, कारण त्यांना नागपूरची तिकिटं काढून आणून तुझ्या हातात द्यायची होती. त्यांचा तसाच स्वभाव होता, तुले माहीत आहे.

सोमवारी मी शाळेत गेलो आणि म्हटलं, घरून नाई म्हणतात.

काऊन, ते विचारशील. मी त्या वर्षी बी.एस्सी.ले गणितात दुसऱ्यांदा नापास झालो होतो. निकाल आला तेव्हा मले पेपरात अडलेलं उदाहरण तू चुलीपाशी बसून, भाकरी उलटता उलटता, सोडवून दिलं. तुले आठवतही नसेल. तू हसली नाईस, टोमणा मारला नाईस, म्हणून जास्त लागलं. तू नागपूरले गेली असती तर मी या घरात उरलेला नापास पोरगा झालो असतो. बस एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

तुले सांगितलं, बाबा नाई म्हणतात. बाबा तिकिटं घेऊन आले तर त्यांना सांगितलं, जागा दुसऱ्या कोणाले देऊन टाकली. ते शाळेत जाऊन भांडले नाईत, वरच्या माणसांच्या नादी कशाले लागावं म्हणून. तू बोलणं सोडलं तेव्हा त्यांना वाटलं, जागा गेली म्हणून पोरगी दुखात आहे, होईल शांत. मग कोरपन्याले दोनदा आले तुले भेटायले. दोन्ही वेळा तू मामाच्या मागच्या दारानं निघून गेली. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा मले विचारलं, धनराज, मी काय केलं रे तिले? मी म्हटलं, काही नाई बाबा, ती तशीच आहे.

तेव्हा सांगायले पाह्यजे होतं. मग आजारात सांगायले पाह्यजे होतं. ते गेल्यावर तर सांगून काही होणार नव्हतं, म्हणून सोपं झालं.

तू मले निरोप्या म्हटलं. ते वाचून मले बसवलं नाई. तू शिव्या दिल्या त्याच बऱ्या होत्या. वही या पत्रासोबत पाठवतो.

धनराज


एटापल्ली
९ एप्रिल

धनराज,

चंचल एक तारखेले नागपूरले पोचली. तिचा बाप सोबत गेला होता. दोन दिवस तिथंच व्हरांड्यात राह्यला, घंटा वाजते का ते पाह्यलं आणि मग परत आला.

वही मिळाली. मी ती उघडली नाई.

तुझ्या पत्राले उत्तर द्यायचं नव्हतं. महिनाभर दिलं नाई. शाळेत जाते, शिकवते, येते. खडू हातात घेतला की बाबा मामाच्या अंगणात बसलेले दिसतात. मी मागच्या दारातून त्यांना पाह्यलं होतं. खाटेवर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून, हातात पिशवी होती. मामी म्हणाली, बाबा पेरू घेऊन आले आहेत. मी तिले म्हटलं, ढोरांना घाला.

ते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत परीक्षा आहे असं कळवलं. परीक्षा नव्हती. शाळेले सुट्टी होती त्या दिवशी. मी क्वार्टरमध्ये डाळ शिजवली, जेवली, आणि दुपारी झोपली. मुद्दाम झोपली. मले त्यांना शिक्षा द्यायची होती, आणि मेलेल्या माणसाले आणखी काय शिक्षा देता येते ते मी शोधून काढलं होतं.

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. सांगायले बाबा नाईत, आई नाई, मामाही गेला. ज्याले बाबांचा आवाज आठवते असा या दुनियेत तू एकटाच उरला, म्हणून तुले सांगून राह्यली. मले दुसरं कोणी मिळालं असतं तर तुले सांगितलं नसतं.

सुट्टीत येऊ नको. पत्रही लिहू नको. बाबांचा एखादा फोटो असेल तर तेवढा पाठव, आणि सोबत चिठ्ठी ठेवू नको.

उर्वशी